आलीस का?

गेक च्यू हयात असताना पहिल्या फटक्यात कशालाही 'हो' म्हणाली नाही. मासेवाल्याला नाही, घरमालकाला नाही, मला तर नाहीच. माझी आई तिला मागणी घालायला गेली तेव्हा ती आतल्या खोलीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "मुलगा मुका आहे का? स्वतः का नाही आला?" मी बाहेर पायरीवरच बसलो होतो. आत जायचं धाडस झालं नव्हतं.

म्हणून देवळात जायच्या दिवशी मी मनातून निश्चिंत होतो. ती नाहीच म्हणणार होती. तिने नाही म्हटलं की मला काही बोलावं लागणार नव्हतं.

गोष्ट अशी होती. आमची मुलगी ह्वी लेंग पर्थला असते. ती मला कायमचं तिकडे न्यायला आली होती. मागच्या पावसाळ्यात मी जिन्यावरून घसरलो आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी हाक मारेपर्यंत तिथेच पडून होतो. ते तिला कळल्यापासून तिने ध्यास घेतला होता. जॉर्ज टाउनमधलं आमचं घर भाड्याचं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची हॉटेलं झाली आहेत; जुन्या खिडक्या तशाच ठेवायच्या आणि आत पाहुण्यांनी कॉफी प्यायची. आमच्या मालकालाही तेच करायचं होतं, पण माणूस भिडस्त. "काका, तुम्ही आहात तोवर राहा," असं तो दर नव्या वर्षाला संत्री घेऊन येऊन सांगायचा. म्हणजे मी राहतो म्हटलं असतं तर राहू शकलो असतो. म्हणायचं कोणी, एवढाच प्रश्न होता.

मी ह्वी लेंगला म्हणालो, "तुझ्या आईचं काय?"

घरातल्या फळीवर गेक च्यूची पाटी होती. माणूस गेल्यावर नाव कोरलेल्या लाकडी पाटीत त्याचा वास असतो, असं आम्ही मानतो. ती पाटी पर्थला नेता येणार नव्हती. मुलीच्या सासरी माहेरचे पितर नेत नाहीत. एका छपराखाली दोन आडनावांचे पितर नांदत नाहीत म्हणतात. शिवाय ह्वी लेंगची सासू तिच्याकडेच राहते, आणि या बाबतीत ती फार कडक आहे.

"देवळात ठेवू," ह्वी लेंग म्हणाली. "तिथे रोज धूप, रोज दिवा. तुम्ही तरी घरी रोज लावता का?"

"तिला विचारावं लागेल."

"विचारा ना. ती हो म्हणाली तर जायचं. नाही म्हणाली तर..." ती थांबली. "नाही म्हणाली तर मी पुन्हा विषय काढणार नाही. शब्द देते."

मला आणखी काय हवं होतं?

*

ते दिवस पितरांचे. देवळाच्या दारातच गर्दीने रस्ता तुंबला होता, बसवाला भोंगा वाजवून थकला होता. आत इतका धूर की कुआन इम देवीचा नुसता सोन्याचा मुकुट दिसत होता. पर्यटकांचा एक घोळका डोळे पुसत फोटो काढत होता. पितरांचं दालन मागच्या अंगाला आहे. तिथे देवळाचा कारभारी तेओंगभाऊ बनियनवर, गळ्यात टॉवेल टाकून उभा होता. हा आमच्या गल्लीतच वाढला.

"या काका, या! काकूंना आणलंत? कुठायत?"

ह्वी लेंगने पिशवी पुढे केली.

"पिशवीत? अगं, आईला असं पिशवीत कोंबतात का!"

"लाल कापडात गुंडाळलीय, भाऊ."

"मग ठीक. नवरीसारखी आलीय म्हणायची." त्याने टॉवेलने कपाळ पुसलं. "ही बघा नवी पाटी. परवाच सुतार देऊन गेला. काकूंच्या शेजारी तुमचीही जागा राखून ठेवलीय. वर पंखा आहे, शेजार चांगला आहे, अजून काय पाहिजे?"

नव्या पाटीवर दोन नावं होती. एक तिचं, उघडं. दुसरं माझं, त्यावर लाल कागद चिकटवलेला. माणूस जिवंत असेपर्यंत तो कागद काढत नाहीत.

मी चष्मा लावला आणि अक्षरं तपासू लागलो. सवयच ती. उभं आयुष्य मी एका चिनी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. तिच्या नावातल्या दुसऱ्या अक्षरात एक बारीक आडवी रेघ असते, ती लोक हमखास विसरतात. सुतार विसरला नव्हता. मग मी तिचं गाव पाहिलं, जन्माचं साल पाहिलं, लाल कागदाची कड जरा उचलून माझं आडनाव पाहिलं. कुठेच चूक नव्हती. मला थोडं वाईटही वाटलं. चूक सापडली असती तर दिवस पुढे ढकलता आला असता.

"काका, अक्षरं काय बघताय? ती कुठे पळून जात नाहीत," तेओंगभाऊ म्हणाला. "आटपा लवकर. मागे लिम मंडळी अख्खं भाजलेलं डुक्कर घेऊन उभी आहेत. डुक्कर गार झालं तर त्यांचा आजोबा माझ्या स्वप्नात येईल."

मागून लिमांची सून ओरडली, "डुकराचं राहू द्या, माझे हात भरून आले!"

सगळे हसले. मी घाईने चष्मा काढला. तेओंगभाऊने माझ्या हातात कौलाच्या लाकडी चंद्रकोरी कोंबल्या. दोन कोरी, लाल रंगाच्या, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. एक सपाट नि एक फुगीर पडली की हो. दोन्ही फुगीर वर आल्या की नाही. दोन्ही सपाट वर आल्या तर पितर हसतंय, पुन्हा विचारा.

"विचारा. इथे राहशील का, एवढंच. तीनदा हो आलं पाहिजे, ओळीने."

तीनदा, ओळीने. तिच्याकडून! मी गुडघे टेकले. मनात म्हणालो, 'गेक च्यू, ही मला पर्थला न्यायचं म्हणते. तू इथे राहशील का?' आणि कोरी टाकल्या.

एक सपाट, एक फुगीर.

"हो!" तेओंगभाऊ म्हणाला.

मला वाटलं, चुकून पडलं असेल. मी पुन्हा टाकल्या. हो. तिसऱ्या वेळी मी त्या कपाळाला लावून बराच वेळ धरून ठेवल्या. ह्वी लेंग मागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. टाकल्या. एक कोर गरगर फिरत बाजूला गेली, लिमांच्या डुकराच्या परातीला आपटली आणि सपाट अंग वर करून पडली. दुसरी माझ्यासमोर फुगीर पडली होती.

"घ्या! पहिले तीनही सरळ. असा कौल मी वर्षानुवर्षं पाहिला नाही. काकूंना घरात कंटाळा आला होता वाटतं!"

पुढचं फार भराभर झालं. आमच्या घरच्या धूपदाणीतली राख देवळाच्या मोठ्या पात्रात ओतली. नवी पाटी फळीवर गेली. जुनी पाटी, जिच्यासमोर मी इतकी वर्षं सकाळचा चहा ठेवत आलो, ती तेओंगभाऊने अंगणातल्या भट्टीत सोडली. लाकूड जुनं, वाळलेलं. लगेच पेटलं. मी लाल कापडाची घडी करत राहिलो. लिमांचं डुक्कर आत गेलं.

*

समोरच्या कॉफीच्या दुकानात ह्वी लेंगने माझ्यासाठी नूडल मागवल्या आणि लगोलग मालकाला फोन लावला. "हो हो, आईने परवानगी दिली... हो, बाबाही तयार आहेत... सोमवारी किल्ली देऊ." फोन ठेवून तिने माझ्या हातावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"बाबा, मला खरं सांगू? मला वाटलं होतं, आई नाहीच म्हणणार. मी रात्रभर झोपले नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"आणि बघा, कशी शहाण्यासारखी लगेच हो म्हणाली." ती हसायला लागली. "तुम्हाला आठवतं, आजीला नैवेद्य दाखवताना आई कशी भांडायची? आजीने कौल नाही दिला की कमरेवर हात ठेवून उभी. 'आलात का सासूबाई? की वाटेत कुणाकडे बसलात चकाट्या पिटत? इथे पोपियाच्या पोळ्या वाळून चालल्यात!' आणि मग..."

ती पुढे बोलत राहिली. मी काड्यांनी उचललेल्या नूडल वाडग्यात परत ठेवल्या.

आलात का. आधी ते विचारायचं असतं. पितर आलंय की नाही, ते आधी. त्याने हो म्हटलं की मग पुढचं सगळं. हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. रिकाम्या घराच्या दारात उभं राहून कोणी वाटाघाटी करत नाही. गेक च्यू गेल्यापासून घरी मीसुद्धा दर वेळी आधी तेच विचारत आलो, दोन नाणी टाकून. कधीकधी ती यायला उशीर लावायची, मी वाट पाहायचो.

आज मी अक्षरं तपासत होतो. तेओंगभाऊला डुकराची घाई होती. त्याने गृहीत धरलं की मी विचारलं, मी गृहीत धरलं की तो विचारून मोकळा झाला.

"बाबा? तिखट झालंय का?"

"नाही. चांगलं आहे."

*

दुपारी ह्वी लेंग बॅग घ्यायला बाजारात गेली, तेव्हा मी देवळात परत आलो. लिम मंडळी गेली होती. फरशीवर चरबीचा एक डाग तेवढा राहिला होता. नव्या पाटीसमोर मी तीन उदबत्त्या लावल्या. शेजारच्या लाल कागदाकडे न पाहण्याचा प्रयत्न केला.

'गेक च्यू, आलीस का?'

दोन्ही फुगीर. नाही.

उदबत्त्या अर्ध्या होईपर्यंत थांबलो. ती वाटेत असेल. पावलं टाकताना तिचा गुडघा दुखायचा. पुन्हा टाकल्या. नाही. मग उदबत्त्या संपल्यावर एकदा. नाही.

"काका! अजून गप्पा संपल्या नाहीत होय?" तेओंगभाऊ केळी खात आला.

मी त्याला सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की त्याला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं.

"नाही विचारलं?" त्याने केळ्याची साल खिशात घातली. "मनात विचारलं असेल तुम्ही."

"नाही."

"मी नाही विचारलं?"

"नाही."

"मग हो कोण म्हणालं?"

"तेच मी तुम्हाला विचारायला आलोय, भाऊ."

तो बराच वेळ टॉवेलने मान पुसत राहिला. "देवीने म्हटलं असेल. किंवा दुसरं कोणी. इथे काय, गर्दी केवढी. पितरांच्या दिवसात कोणीही पुढे येतं, वास लागला की." मग माझ्या तोंडाकडे पाहून तो वरमला. "आता माझ्याही लक्षात येतंय हो. काकू कुठल्या तीन सरळ देणाऱ्या! लहानपणी मी एक पोळी फुकट मागितली तर त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता."

गेक च्यू बाजारात पोपियाच्या, म्हणजे आत भाजी गुंडाळून खायच्या, पोळ्या करून विकायची. ओल्या पिठाचा गोळा हातात खेळवत तापल्या तव्यावर एकदा फिरवायची. पोळी इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. तोंड सतत चालू, हातही.

"जुनी पाटी..." मी म्हणालो.

"ती गेली, काका. तुमच्यासमोर."

"आणि राख?"

"राख मिसळली. चहात घातलेलं दूध काढता येतं का?" असं म्हणून त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. मग हळूच म्हणाला, "घरीच राहिली असेल. बिऱ्हाड हलतं तेव्हा म्हातारं माणूस मागे राहतंच एखादं. घरी जाऊन विचारा. पण काका..."

"काय?"

"पोरीला सांगू नका. तिने मला सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, काही करून आज उरकून टाका म्हणून. कौलात माझी लबाडी नाही हो, शपथ. घाई तेवढी केली."

मला त्याचा राग आला नाही. घाई त्याने केली, पण गप्प मी बसलो होतो.

*

घरात खोकी भरून भिंतीला लावलेली होती. फळी रिकामी होती. पाटी होती तिथे भिंतीवर एक स्वच्छ चौकोन राहिला होता, बाकी सगळी भिंत धुराने काळवंडलेली. ह्वी लेंग अजून आली नव्हती असं मला वाटलं. मी खिशातून दोन नाणी काढली, त्या चौकोनाकडे पाहिलं.

'गेक च्यू, तू इथे आहेस का?'

एक छाप, एक काटा. हो.

पहिल्यांदा मला नुसता आनंद झाला. मी हातातली नाणी घट्ट धरून उभा राहिलो, बाजारातून उशिरा आल्यावर ती दारात दिसायची तेव्हा वाटायचं तसं. मग खोकी दिसली. सोमवारी किल्ली द्यायची होती. हिला आता पाटी नव्हती, राख नव्हती, धूप नव्हता. या खोलीत हॉटेलवाले पलंग टाकणार.

'देवळात येतेस का?'

नाही.

'माझ्या संगतीने चल. मी हात धरतो,' मी मोठ्यानेच म्हणालो.

नाही.

तीच होती. आता शंकाच नव्हती. ज्या 'नाही'साठी मी देवळात गेलो होतो, ते हे, घरात असं रिकाम्या भिंतीसमोर मिळालं.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

ह्वी लेंग स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चिकटपट्टी. ती केव्हाची परत आली होती कोण जाणे. मी नाणी मुठीत लपवली, पण तिने पाहिली होती.

"आपण आधी विचारलंच नव्हतं," मी म्हणालो. "ती आली का, ते. मी आता विचारलं. ती इथेच आहे. ती नाही म्हणतेय."

ती खोक्यावर बसली. मला वाटलं ओरडेल. आईच्या वळणावर गेली आहे, आवाज मोठा आहे. पण ती अगदी हळू बोलली.

"बाबा, नाणी काय म्हणाली ते मला नका सांगू. तुम्ही सांगा."

"मी काय सांगू?"

"तुमच्या संपादकाशी भांडायला आई गेली. घरमालकाशी आई. मी शाळेच्या सहलीला जाऊ का विचारलं तर तुम्ही म्हणायचात, आईला विचार. कॉलेजला परदेशी जाऊ का, आईला विचार. लग्न करू का, आईला विचार. ती गेली बाबा. मेल्यावर तरी तिला कामाला लावू नका." तिने डोळे मनगटाने पुसले. "एकदा तुमच्या तोंडाने म्हणा. मला यायचं नाही. एवढंच वाक्य. मी आत्ता मालकाला फोन करते, तिकीट फाडते. रागावणार नाही. शपथ घेऊन सांगते, मला बरंच वाटेल."

ती थांबली. खरंच थांबली, घाई केली नाही. खाली रस्त्यावर सायकलरिक्षाची घंटी वाजली.

मला यायचं नाही. मी ते वाक्य मनात नीट वाचलं. त्यात कुठेही चूक नव्हती. मी तोंड उघडलं. तिच्या केसांत कानाजवळ पांढरं दिसत होतं, ते मी या वेळी पहिल्यांदाच पाहिलं. जिन्यावर पडलो त्या रात्रीपासून ती फोन उशाशी घेऊन झोपते, हे जावयाने मला सांगितलं होतं. भिंतीवरचा चौकोन माझ्या पाठीमागे होता. दोन बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"तसं काही नाही," मी म्हणालो. "सहज विचारून पाहिलं."

"बाबा."

"खरंच."

"मग येताय?"

"हो."

ती आणखी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग उठली. आत जाऊन तिने चिकटपट्टी ओढली, त्याचा तो फाटल्यासारखा आवाज होतो ना, तो आला. पुन्हा आला.

मी चहाचा कप शोधला. निदान गेक च्यूसमोर ठेवावा म्हणून. कप खोक्यात गेले होते. कोणत्या खोक्यात, ते विचारायचं म्हणजे ह्वी लेंगला हाक मारावी लागली असती. नाणी मी पुन्हा टाकली नाहीत. तिने एवढंच विचारलं असतं, 'मग तू काय म्हणालास?'

सोमवारी मालक किल्ली न्यायला आला. त्याने संत्री आणली होती.

आता देवळात तेओंगभाऊ रोज दिवा लावत असेल, त्या पाटीपुढे, जिथे ती नाही. शेजारी माझा लाल कागद आहे. एक दिवस पर्थहून फोन जाईल आणि तो कागद कोणीतरी नखाने खरवडून काढेल. तेव्हा तरी ते घाई करणार नाहीत, रीतीप्रमाणे आधी कोरी टाकतील आणि विचारतील, काका, आलात का? मी कुठे असेन मला माहीत नाही. पण इतकी माणसं ताटकळत उभी आहेत म्हटल्यावर, भिडेखातर, मी हो म्हणेन.